नाव गुप्त ठेवले आहे

मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट इतकी संथ, की पहिलीतलं पोर तळमजल्यावर आत शिरलं तर सातव्या मजल्यावर दुसरीत जाऊन उतरतं. उसातून आलेला बिबट्या मी नुसती पाटी लावून परत पाठवला होता: 'फेरीवाले व बिबटे यांना प्रवेश नाही. कारण विचारू नये.' थापाड्या म्हणूनच मला ओळखतात इथे. पण अक्षर चांगलं, म्हणून सोसायटीच्या नोटिसा मीच लिहितो.

जूनमध्ये आमचे सेक्रेटरी सर्जेराव कुठलीशी बातमी वाचून पेटले. मुलांच्या फोनमध्ये ॲप घालायचं, त्यांचे सगळे मेसेज कमिटीच्या संगणकावर यायचे. पोरांना मात्र सांगायचं नाही.

"आणि त्यांचं खासगी काही?" कमिटीतल्या राधाबाईंनी विचारलं.

"चौदाव्या वर्षी कसलं आलंय खासगी, वहिनी? लपवण्यासारखं असेल तरच ना!"

सह्या झाल्या. सातव्या मजल्यावरच्या अक्षताने लेकीसाठी सगळ्यांत आधी केली. ठरावही माझ्याच अक्षरात होता.

तिसऱ्या आठवड्यात अक्षताच्या लेकीचा, संस्कृतीचा मेसेज सापडला. वाघोलीच्या मावशीला, आम्रपालीला लिहिलेला. 'मावशी, गेममधला तो माणूस फोटो मागतोय. धमक्या देतोय. आईला सांगू नकोस ना.' मावशीचं उत्तर होतं, 'त्याचं काहीही पुसू नकोस. रविवारी येते. दोघी पोलिसांत जाऊ.'

"बाकीच्या पालकांना सावध करायलाच हवं," सर्जेराव म्हणाले. "लिहा, आप्पासाहेब."

आता आमची पद्धत अशी: नळ गळो, कुत्रं भुंको, नोटिशीत कुणाचं नाव घालायचं नाही. फ्लॅट नंबर मात्र हवाच. बारा वर्षांची सवय. मी लिहिलं:

'एका मुलीकडे अनोळखी इसमाने फोटो मागितले आहेत. पालकांनी दक्ष राहावे. मुलीचे नाव गुप्त ठेवले आहे. (बी-७०४)'

खाली लाल रेघसुद्धा ओढली.

रविवारी आम्रपाली आली तेव्हा पोरीने सगळं पुसून टाकलं होतं. पोलिसांना दाखवायला काही उरलं नव्हतं. आम्रपाली नोटिशीसमोर थांबली.

"कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

दिवाळीनंतरच्या सभेत सर्जेरावांनी जाहीर केलं, "चार महिन्यांत एकही संशयास्पद मेसेज नाही!" टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. म्हटलं, "पोरं सुखरूप आहेत म्हणून नाही. बोलायची थांबलीत म्हणून. तो माणूस मोकळाच आहे, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा आपण पुसायला लावला."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वा, आप्पासाहेब! बिबट्यापेक्षा ही जास्त रंगली." हशा पिकला. सर्जेरावांनी अभिनंदनाच्या नोटिशीसाठी कोरा कागद पुढे सरकवला.

तो तसाच ठेवून मी लिफ्टमध्ये शिरलो. आत संस्कृती होती. फोन छातीशी उलटा धरलेला, डोळे जमिनीवर. पूर्वी म्हणायची, आजोबा, एक थाप सांगा ना.

आमची लिफ्ट खरोखरच फार संथ आहे.