आजींनी मला धबधब्याबाहेर काढून ठेवलं

मी उजव्या पायाचा एक जुना बूट आहे. डावाही आहे, शेजारीच असतो, पण तो पडला मुखदुर्बळ. त्यामुळे मित्रांनो, दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

कोणत्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते न्यू लिन या परदेशातल्या उपनगरातलं दुकान. उर्मिला आजी पुण्याहून लेकाकडे राहायला आल्या होत्या आणि त्यांच्या लेकाने, यशोधनने, आम्हाला त्यांच्यासाठी विकत घेतलं. आजींनी आयुष्यभर चपलाच वापरलेल्या. आधी त्यांनी नाक मुरडलं, पण आठवडाभरात साडीखाली आम्हाला घालून त्या कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणू लागल्या. इतकी हलकी पावलं पुन्हा कुणाची मिळायची नाहीत.

मग त्या पुण्याला परतल्या आणि आमची रवानगी गॅरेजमध्ये झाली. माझ्यात एका कोळ्याने संसार थाटला. कुणी विचारपूस केली नाही. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा आजी पुन्हा आल्या, त्या एकच हट्ट घेऊन. यशोधन ज्याचे फोटो पाठवतो तो डोंगरातला धबधबा त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. गुडघे कुरकुरत होते, म्हणून यशोधन टाळत होता. शेवटी तयार झाला, पण बजावूनच.

"आई, हे जमलं नाही, तर पुन्हा धबधब्याचं नाव काढायचं नाही."

आजींनी मान डोलावली आणि कोळ्याला झटकून आम्हाला बाहेर काढलं.

त्या डोंगरात कौरीची प्रचंड झाडं आहेत. बुटांना चिकटलेल्या मातीतून त्यांच्या मुळांना रोग लागतो, म्हणून पायवाटेच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि औषधाचा फवारा ठेवलेला असतो. तिथवर पोहोचल्यावर यशोधनला आठवलं की रेनकोट गाडीतच राहिले. बूट स्वच्छ करून इथेच थांब, असं आईला सांगून तो आपल्या लेकीला, ऋग्वेदाला, घेऊन मागे फिरला.

आजींनी आम्हाला असं घासलं की तळव्यांना गुदगुल्या झाल्या. मोजे काढून स्वतःच्या पायांवरही फवारा मारून घेतला. मग मान वर करून पाहिलं. खांबांसारखी उंच झाडं, गार सावली, आतून येणारा पाण्याचा आवाज. त्यांनी मोजे आमच्यात खोचले, आम्हाला कडेला ओळीत ठेवलं, हात जोडले आणि अनवाणीच आत निघून गेल्या. मी हाक तरी कशी मारणार?

यशोधन परतला तेव्हा तिथे फक्त आम्ही होतो आणि बाजूला वाहणारा ओढा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फोनला रेंज नव्हती. अशा दगडधोंड्यांतून बुटांशिवाय वर कोण जाईल? आई पाण्यात उतरली आणि पाय घसरला, असंच त्याने धरलं. "आई, आई" करत तो काठाने धावत सुटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

ऋग्वेदा मात्र आमच्यासमोर उकिडवी बसली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना निम्मं इंग्रजीच येतं.

"डॅड, कम बॅक," ती म्हणाली. "आजी मंदिरात शूज असेच ठेवते. सॉक्स इनसाइड. शी हॅज गॉन इन."

यशोधनने आम्हाला उचललं. तो इतक्या घाईने वर चढत होता की डावा माझ्यावर आपटत होता.

धबधब्यासमोरच्या कातळावर आजी बसल्या होत्या. पाय ओरखडले होते, साडी तुषारांनी भिजली होती, चेहरा मात्र तृप्त. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"दाराशी पाय धुवायची सोय, म्हणजे देवाचंच ठिकाण ना?" त्या म्हणाल्या. "तुम्ही येईपर्यंत दर्शन घेऊन यावं म्हटलं."

आता हा चिडणार, असं मला वाटलं. यशोधन मटकन त्यांच्याशेजारी बसला. डोळे पुसले.

"जमलं की गं तुला, आई," म्हणाला.

मग त्यानेही बूट काढले, ऋग्वेदानेही. तिघांनी पाय पाण्यात सोडले.

मित्रांनो, बूट जरूर घासा, झाडं जपा. पण नव्या जागी आलेल्या आजी-आजोबांना नुसतं "इथेच थांब" सांगून जाऊ नका. ती जागा कसली आहे, हेही सांगा. आणि हो, आम्हाला गॅरेजमध्ये टाकू नका. माझी जागा आता दाराशी आहे. ऋग्वेदा रोज आमची तोंडं बाहेरच्या दिशेला करून ठेवते. आजींनी पुढचा धबधबा निवडलाय.