सोशिक

“साखर कुठल्या डब्यात आहे, तेवढंसुद्धा सांगून गेली नाही,” भिंगरीची जाऊ ओट्याशी माझ्या खांद्याला खांदा लावून पुटपुटत होती. “सवयच बाईची. पोटातलं ओठावर म्हणून कधी आणायची नाही.”

मी हात लांबवून खिडकीजवळचा, झाकण चेपलेला डबा काढून दिला. जावेलाही तो माहीत असायला हवा होता. या घरात चहा तीही पीत आली होती. पण करणारी दुसरी असली की डबे कुणाला दिसतात?

बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. भिंगरीला जाऊन आठवडा होत आला, तरी भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरत नव्हती. प्रत्येक नव्या माणसासमोर तिचा नवरा तेच बोलायचा, त्याच ठिकाणी थांबायचा, त्याच ठिकाणी डोळे पुसायचा. “शेवटपर्यंत कळू दिलं नाही हो. एवढी सोशिक. वेळेवर बोलली असती तर...” आणि माणसं माना हलवायची. सोशिक. हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, की मेल्यावर तिचं नाव बदललं की काय असं वाटू लागलं.

सोशिक, म्हणे. भिंगरी हे नाव मी ठेवलं होतं, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. मला ती पिंप म्हणायची. त्याचं कारण ज्याने मला पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. आमच्या दोघींच्या आया एकाच कापडाच्या कारखान्यात, शेजारशेजारच्या मागांवर. खोल्याही शेजारी, आणि मधली भिंत अशी की इकडे दाढ दुखली तर तिकडे कळावं. भिंगरीची दुखली तर अख्ख्या गल्लीला कळायची. गोवर आला तेव्हा तिला दाराआड कोंडलं होतं, तर ती खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला पोट उघडं करून पुरळ दाखवत बसली. दुखणं लपवणं हा तिचा पिंडच नव्हता.

मागांच्या खडखडाटात आवाजाला किंमत नसते. तिथे बायका नुसत्या ओठांनी बोलतात. आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, भुवया नाचवत. नव्या माणसाला वाटतं, या एकमेकींना वेडावतायत. आम्ही दोघी ही बोली आयांच्या मांडीवरच शिकलो. शाळेत ती पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. ती मान वळवून ओठांनी बाईंची नक्कल करायची, मी फिस्सकन हसायची, आणि छड्या मला. पुढे आम्हीही त्याच कारखान्यात समोरासमोरच्या मागांवर लागलो. या बोलीत एकच खोट आहे. ज्याला दिसतं त्याला कळतं. गुपित सांगायचं असेल तर तोंडावर हात आडवा धरायचा.

गाठीचं सांगताना तिने हात धरला नव्हता.

“छातीत गाठ लागतेय. वाटाण्याएवढी.”

मी माग थांबवला. “घरी सांगितलंस?”

“आज सांगते.”

दुसऱ्या दिवशी धागा जोडता जोडता म्हणाली, “सांगितलं. नणंदेचं लग्न होऊ दे म्हणतात. घरात आजार आहे हे मुलाकडच्यांच्या कानावर जायला नको.”

लग्न झालं. मग नव्या जावयाचं येणंजाणं झालं, मग त्याच्याकडचे पाहुणे झाले. मी घरी जाऊन विषय काढला, तर भावोजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, “बघतो ना मी” म्हणत मला चहा पाजला. मग मी तिलाच म्हटलं, चल, मी नेते तुला. ती म्हणाली, “पिंपा, परत याच घरात यायचंय मला.”

शेवटी नेलं तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, इतके महिने काय केलंत? तो म्हणाला, तिनं सांगितलंच नाही. ती तिथेच खाटेवर होती. ते खोटं तिथे जन्मलं आणि तिच्या आधी घरी पोचलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत उभा होता. ती मला ओठांनीच म्हणाली, “बघ, मीच लपवलं म्हणे.” आणि हसायला गेली. त्याला वाटलं कण्हतेय. त्याने पाणी दिलं.

भिंगरीची मुलगी रिकामे कप घेऊन आत आली. शिकायला वसतिगृहात असते. तिला अगदी शेवटी बोलावलं.

“मावशी, तुलाही नव्हतं ना सांगितलं आईनं?”

मी कप विसळत राहिले.

“मला रडूच येत नाही. राग येतो नुसता. तोंड उघडलं असतं तर गेली असती का ती? स्वतःला स्वतःच घालवलं. आणि हे सगळे मला सांगतायत, आईसारखी हो.”

जाऊ चहा गाळता गाळता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

माझ्या जिभेवर आलं होतं. पण पोरीला आता बाप तेवढा उरला होता. आई गेलेल्या पोरीचा बापही आपण काढून घ्यायचा? आणि नाही घेतला, तर भिंगरीला तिच्याच लेकीच्या हातून जन्मभर दोषी ठरू द्यायचं? मी म्हटलं, “ट्रे जड आहे, सांभाळून ने.” तेवढंच सुचलं.

तिच्या मागोमाग मीही बाहेर जाऊन बसले. समोर आमच्याच कारखान्यातली कात्री बसली होती. हे नाव तिच्या जिभेमुळे पडलेलं. भावोजी एका शेजाऱ्याला सांगत होते, “शेवटपर्यंत कळू दिलं नाही हो...”

कात्रीचे ओठ हलले. “खोटारडा.”

“गप,” मीही ओठांनीच म्हटलं. “पोर आहे इथं.”

“पोरीलाच कळायला हवं. गाठ लागली त्याच दिवशी सांगितलं होतं याला. लग्नापायी दाबून ठेवली.”

“माहितीये मला. गप बस.”

आवाज काढला नाही म्हणजे कुणाला कळलं नाही, असं घराच्या चार भिंतींत आल्यावर वाटायला लागतं. कोपऱ्यात काकू बसल्या आहेत, हे आम्ही दोघी विसरलो. काकू म्हणजे भिंगरीची आई. मागांनी त्यांचे कान कधीच खाल्ले होते. त्यामुळे या घरात कुणी त्यांच्याशी बोलत नसे, त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलत. लेक कशाने गेली, हे ‘ताप’ एवढ्या दोन अक्षरांत त्यांना सांगून झालं होतं. पण आम्हाला ओठ वाचायला शिकवलं ते त्यांनीच.

“कसली गाठ?” काकूंनी विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती ते कळत नाही. कारखान्यात हाक मारावी तसं त्यांनी विचारलं.



“काही नाही, आई,” भावोजी म्हणाले, आणि शेजाऱ्याकडे वळले. “यांना ऐकू येत नाही.”

“ऐकू येत नाही, दिसतं,” काकू म्हणाल्या. “कात्री म्हणतेय, गाठ होती. लग्नापायी दाबली. मला तर ताप सांगितला होतात.”

कात्रीने मान खाली घातली. तिचं तोंड मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुलगी ट्रे घेऊन मधोमध उभी होती. “मावशी?” ती म्हणाली. “तुला माहीत होतं?”

मी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बापाकडे. “भावोजी, तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “माझ्या तोंडून नको ते तिला कळायला.”

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तो तसाच तोंडावर राहू दिला. हाताआडून काहीतरी पुटपुटले. माणसं बसलीयेत, ही काय वेळ आहे का, असलं काहीतरी.

“हात खाली घ्या, जावईबापू,” काकू म्हणाल्या. “आणि सावकाश बोला. तुमचे ओठ वाचायची सवय नाही मला. बोललात कुठं कधी माझ्याशी?”

जाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. कुणी उठलं नाही, कुणी मध्ये पडलं नाही. मी उठून मुलीच्या हातातला ट्रे काढून घेतला.

हात खाली आला.

“तिनं सांगितलं होतं.”

“काय? तोंड मोठं उघडून बोला.”

“तिनं. सांगितलं. होतं.”

“कधी?”

“लग्नाच्या आधी. गाठ लागली तेव्हाच.”

काकू त्याचे शब्द स्वतःच्या ओठांवर जुळवून बघत होत्या. जुळले तशी त्यांनी मान हलवली. “मग?”

त्याने लेकीकडे पाहिलं.

“माझ्याकडं बघून बोला,” काकू म्हणाल्या.

“मीच म्हटलं,” तो म्हणाला. एकेक अक्षर सुटं करत, तोंड मोठं उघडून, आमच्या मागावरच्या बाईसारखा. “मीच म्हटलं तिला, थांब.”