लसणाचे तीन वाफे

वाफ्यांना पाणी दिल्यावर माती खाली बसली आणि आबांनी सकाळपासून लावलेला लसूण उघडा पडला. एरवी पाकळीचं नुसतं टोक मातीतून डोकावतं. इथं जागोजागी चपटी बुडं आभाळाकडे तोंड करून बसली होती. काही पाकळ्या आडव्या, काही तिरक्या आणि बऱ्याचशा चक्क शीर्षासन करून.

सून वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. तिनं एक पाकळी उपटली, सुलटी करून खोचली. दुसरी, तिसरी. मग तिन्ही वाफ्यांवरून नजर फिरवली.

"पाहिलंस ना?" नवरा पेंढ्याचा भारा घेऊन मागं उभा होता. "मी म्हणतच होतो, आबांचे डोळे गेलेत. दोन दिवसांत जमीन गोठणार म्हणून रेडिओ घसा कोरडा करतोय, आणि यांनी तीन वाफे उलटे करून ठेवलेत!"

"हळू बोला. ऐकतील."

"ऐकू देत. उद्या आपण दोघं निस्तरू. आबांनी आता चुलीशी बसून देवाचं नाव घ्यावं. बी त्यांच्या हातात द्यायचं नाही, बस."

कुंपणाकडचा एक वाफा अजून लावायचा होता. त्याच्या बियाण्याची टोपली त्यानं उचलली आणि घरात नेली.

आबा गोठ्याच्या दाराशीच होते. त्यांनी सगळं ऐकलं. अंगरख्याला लागलेली माती झटकली, नसलेलीही झटकली, आणि आत गेले.

साठ वर्षं त्यांची पद्धत एकच. गुडघे टेकायचे, देवाचं गाणं धरायचं आणि ठेक्याला एक पाकळी. अंतर मोजायला पट्टी कधी लागली नाही, तालच मोजून द्यायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "अरे, त्याचं नाव घेताना हात रिकामे ठेवले, तर तो म्हणेल, हा आळशी माझ्या नावावर बसून खातो!" हा माणूस चुलीशी बसून नाव कसं घेणार? त्याचं नाव तर बोटांतून यायचं.

सून उठली आणि कोपऱ्यातल्या चौथ्या वाफ्याकडे गेली. तो आबांनी काल लावला होता. तिथं एकूण एक पाकळी सरळ, शाळेतल्या रांगेसारखी.

डोळे काय एका रात्रीत जातात?

काल आणि आज यात बदललं काय? आज आबांचं गाणं अडखळत होतं. भांडी घासताना तिनं ते ऐकलं होतं आणि थंडीवर ढकललं होतं. थंडी तर कालही होती. कालपर्यंत नव्हते ते हातमोजे. महिनाभर खपून विणलेले, जाड लोकरीचे, आज सकाळीच तिनं कौतुकानं त्यांच्या हातांत चढवलेले.

ती तडक घरात आली. खुंटीवरचे हातमोजे घातले, डोळे मिटले आणि टोपलीतली एक पाकळी चिमटीत धरली. शेंडा कुठला, बुड कुठलं, काही कळेना. खडा धरल्यासारखं वाटत होतं.

"आबा," तिनं चुलीसमोर बसकण मारली. "खरं सांगा. पाकळी दिसते तुम्हाला?"

आबांनी जाळात एक लाकूड सारलं. "दोन हिवाळे झाले, नाही दिसत," ते म्हणाले. "अंगठ्याला दिसते."

"मग मोजे काढायचे ना!"

"कसे काढू, बाई? रोज जेवणं उरकली की सुया घेऊन बसायचीस. मला वाटलं, होईल सवय." ते ओशाळं हसले. "माझ्या हातांना फार आवडले गं. लसणाला तेवढे पटले नाहीत."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. पण रडत बसायला वेळ कुठं होता? तिनं कात्री घेतली.

"अगं, अगं! महिन्याची मेहनत!"

"मेहनत हातांसाठी होती. बोटांना कोंडायला नव्हती."

मोज्यांच्या दहाही बोटांची टोकं तिनं कापली, सुटलेले टाके सुईनं एकेक करून बांधले. नवरा दूध काढून आला, चुलीपुढे लोकरीच्या टोकांचा ढीग पाहून थबकला. तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे दिसत नाही हे खरंच," तो म्हणाला.

"कालचा वाफा बघून या. मग बोला."

तो गेला नाही.

सकाळी गवतावर पांढरा थर होता. उजाडताच सासरा-सून वाफ्यांत उतरले. एकीकडून ती, दुसरीकडून आबा. उपटायची, चाचपायची, खोचायची. लोकरीतून बाहेर आलेला आबांचा अंगठा पाकळीच्या बुडावरून फिरला की ती मातीत बसलीच म्हणून समजा. आधी नुसती गुणगुण, मग गळा मोकळा झाला. पहिला वाफा संपला तेव्हा सून निम्म्यातच होती.

"भरभर गा की तूही," आबा म्हणाले. "मुक्यानं लसूण लागत नाही."

"माझ्या आवाजानं उगवायचा तोही उगवणार नाही!"

वाफे गारठू नयेत म्हणून नवरा पेंढा पसरायला आला. आबांनी नुकत्याच संपवलेल्या तिसऱ्या वाफ्यात वाकून त्यानं मधलीच एक पाकळी हळूच उकरली. सरळ. कडेची एक उकरली. तीही सरळ.

"हजेरी घेतोस का रे?" आबांनी मान न वळवता विचारलं.

"नाही... म्हटलं, खोली बघावी."

"बघितलीस? मग झाक त्यांना. उघड्या पडल्यात बिचाऱ्या."

त्यानं त्या दोन पाकळ्यांवर माती ओढली, वर पेंढा अंथरला.  मग घरात गेला आणि बियाण्याची टोपली घेऊन आला. ती त्यानं कुंपणाकडच्या रिकाम्या वाफ्याशी नेली, आबांच्या उजव्या हाताला लागेल अशी ठेवली.

"आबा, ऊन वर यायच्या आत होईल का हा?"

आबांनी गुडघे टेकले, टोपलीत हात घातला.

"तुझा पेंढा पुरला तर होईल," ते म्हणाले आणि गाण्याची लय वाढवली.