'नवी वाट' सदराबद्दल एक तक्रार

सोमवारी दुपारी कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत वाचकांची पत्रे उघडली जात. खोली आपली नावाला. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत. आता एक टेबल, दोन खुर्च्या, जुन्या अंकांचे गठ्ठे आणि विद्यार्थ्यांच्या पाक्षिकाची संपादिका एवढे त्या जागेत कसेबसे मावत. उभे राहिले की डोके जिन्याला आपटे, म्हणून पाक्षिकाची सगळी कामे बसूनच होत.

संपादिकेला कॉलेजात सगळे नियमबाई म्हणत. तिला ते ठाऊक होते आणि, खरे सांगायचे तर, आवडतही होते. आदल्या वर्षी कोणा टवाळाने ग्रंथपालांच्या नावाने खोटेच पत्र पाठवले, ते छापले गेले आणि ग्रंथपालांनी कॉलेज डोक्यावर घेतले. तेव्हा नव्याने संपादक झालेल्या या मुलीने नियम केला: पत्र आले की लिहिणाऱ्याच्या घरी पडताळणीचे कार्ड जाईल, ते सही होऊन परत आले तरच पत्र छापायचे. नाव गुप्त ठेवा म्हटले तर ठेवू, पण पत्र कोणाचे हे आम्हाला कळलेच पाहिजे. पाक्षिक बघणारे सर या नियमावर इतके खूश झाले की तो त्यांनी चौकटीत छापायला लावला.

त्या सोमवारी अकरा पत्रे होती. अंकासाठी चित्रे काढणारी तिची मैत्रीण एकेक फोडून मोठ्याने वाचत होती.

"हा म्हणतो शब्दकोडं फार सोपं, आमच्या घरची दुसरीतली पोर सोडवते. आणि ही म्हणते कोडं इतकं अवघड की डोकं दुखायला लागलं."

"दोघांची एकमेकांशी गाठ घालून दे," संपादिका म्हणाली.

"कविता कमी करा. कविता कमी करा. हा तिसराही कविता कमी करा म्हणतोय. आणि या एका पालकांचं नेहमीचंच, 'नवी वाट' सदर मोठं करा."

'नवी वाट' शेवटच्या पानावर असे. ज्या मुलींची लग्ने ठरली त्यांची नावे, वर्ग आणि खाली शुभेच्छांची एक ओळ. अंक हातात पडला की घरोघरी आधी ते पान उलटले जाई. पहिल्या पानावरच्या अग्रलेखासाठी संपादिका आठ दिवस घाम गाळी आणि लोक अंक उलटा धरून वाचायला सुरुवात करत. पोरीला या कॉलेजात घालताना तिचा बाप निकालाचे आकडे विचारत नसे, या सदरातली नावे बघत असे. संपादिका पहिल्या वर्षाला असल्यापासून ते सदर तीच लिहीत होती. एकीला दिलेली शुभेच्छा दुसरीला द्यायची नाही, असा तिचा बाणा होता.

अकरावे पत्र मैत्रिणीने मोठ्याने वाचायला घेतले आणि दोन ओळींनंतर ते तिच्यापुढे सरकवले.

"तुमचा अंक मी न चुकता वाचते," त्यात लिहिले होते. "माझी धाकटी नणंद तुमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या दप्तरातून तो घरी येतो. अंक चांगला असतो. माझी तक्रार फक्त 'नवी वाट'बद्दल आहे. गेल्या अडीच वर्षांत या सदरात त्रेसष्ट मुलींची नावं आली. त्यातल्या किती जणी पुढे परीक्षेला बसल्या, हे तुम्ही एकदाही छापलं नाही. मी जमेल तशी चौकशी केली. चौघी. बाकीच्या एकोणसाठ जणींचं शिक्षण थांबलं, आणि ते थांबलं म्हणून तुम्ही त्यांचं अभिनंदन केलंत. त्यांतलं एक नाव माझं होतं. शुभेच्छांची ओळ छान होती, मला अजून पाठ आहे.

"कॉलेज सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत बाहेरून परीक्षा देता येते. माझं शेवटचंच वर्ष राहिलंय आणि ही माझी शेवटची संधी आहे. अर्जाची मुदत या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. माझ्या सासरची माणसं वाईट नाहीत. सासरे तुमचा अंक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. छापून आलेल्या गोष्टीला त्यांच्या लेखी मान आहे. सुनेनं तोंडानं सांगितलेल्या गोष्टीला तेवढा नाही. तुम्ही हा आकडा आणि परीक्षेची माहिती छापलीत तर ते वाचतील, आणि मग मला विषय काढता येईल. माझं नाव छापू नका. मला फोन नाही."

खाली नाव आणि पत्ता होता.

संपादिकेने जुने गठ्ठे काढले आणि नावे मोजली. त्रेसष्टच भरली. त्या पत्रात कुठे खोट सापडली असती तर तिला हायसे वाटले असते. पण मुलीने अभ्यास करून लिहिले होते, आणि असा अभ्यास पाक्षिकाच्या संपादक मंडळानेही आजवर केलेला नव्हता. तिला लाज वाटली. मग, ती संपादक असल्यामुळे, उत्साहही वाटला.

"पहिल्या पानावर घ्यायचं," ती म्हणाली. "माझा अग्रलेख काढून टाक."

"नणंदेला गाठू या उद्या. तिच्याकडून खात्री करून घेऊ."

"तिसऱ्याच्या शब्दावर पडताळणी होत नाही. कार्ड पाठवू."

"अगं, कार्ड घरी जाणार. तिथे ते कोण फोडेल याचा विचार केलास का?"

"पाकिटावर तिचं नाव असेल ना. आणि ऐक, हे पत्र छापलं की गहजब होणार. प्राचार्य म्हणतील, तुम्हीच बसून लिहिलंत. तेव्हा माझ्या हातात सही नको? इतक्या खऱ्या पत्राला कोणी खोटं म्हटलेलं मला चालणार नाही."

मैत्रिणीने कार्डावर पत्ता घातला, कारण बोलणे बरोबर होते. बहुतेक घरे मोडतात ती अशा बरोबर बोलण्यानेच. नियम माणसांसाठी असतात, माणसे नियमांसाठी नसतात, असे संपादिकेनेच एका अग्रलेखात लिहिले होते. पण लिहिले म्हणजे आपल्याला ते कळलेच, असे या वयात वाटत असते; पुढेही बऱ्याच जणांना वाटत राहते.

मंगळवारी कार्ड गेले. पुढच्या सोमवारी परत आले. सही करायच्या जागी ठळक, वळणदार अक्षरात मजकूर होता: "असे कोणतेही पत्र आमच्या घरातून कोणीही लिहिलेले नाही. कोणी तरी खोडसाळपणा केलेला दिसतो. वाचकांची इतकी काटेकोर पडताळणी करता, याबद्दल आपले अभिनंदन. अंकाचा दर्जा उत्तम आहे." खाली सासऱ्यांची सही.

सरांनी कार्ड वाचले आणि मान डोलावली. "झालं तर मग. पत्र खोटं निघालं. तुमच्या नियमानंच आपल्याला वाचवलं."

"सर, पत्र खरं आहे. आणि आकडा तर मी स्वतः मोजलाय. तेवढाच छापू."

"तेवढाच?" सरांनी चष्मा काढला. "निम्म्या मुली या कॉलेजात कशाच्या जोरावर येतात, तुला माहीत नाही? बाप ते सदर बघून पोरींना इथे घालतात. ते बंद झालं तर ज्या आज बारावीनंतर दोन वर्षं तरी शिकतात, त्याही घरी बसतील. उगाच कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होऊ नकोस."

सर दुष्ट नव्हते. त्यांचे म्हणणे तिला खोडता आले नाही, आणि याचाच तिला सर्वांत राग आला.

तीस तारखेला तीन दिवस उरले असताना ती परीक्षेचा कोरा अर्ज घेऊन पत्त्यावर गेली. स्वच्छ, नेटके घर. दाराशी चपलांची रांग लावलेली. सासऱ्यांनी स्वतः दार उघडले, आणि ती कोण हे कळल्यावर त्यांना खरोखरच आनंद झाला.

"या, या. अगं ऐकलंस का, कॉलेजच्या पेपरच्या संपादक आल्यात. बसा. मी तुमचा जुना वाचक." त्यांनी कपाटाकडे हात केला. तिथे सगळे अंक तारखेप्रमाणे लावून ठेवलेले होते. "अलीकडे छपाई सुधारलीय. तुमचा अग्रलेख चांगला असतो, पण जरा लांबतो. शेवटचा परिच्छेद नेहमी काढून टाकण्यासारखा असतो, राग मानू नका."

तिला राग आला नाही, कारण ते खरे होते. असा वाचक मिळायला भाग्य लागते.

"मी त्या पत्राबद्दल आले होते," ती म्हणाली.

"हो, हो. तुमच्या मनात किंतु नको." त्यांनी आत हाक मारली. "सूनबाई, जरा बाहेर ये. आणि पाणी आण."

सून पाणी घेऊन आली. संपादिकेपेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल. तिने पेला हातात दिला आणि भिंतीशी उभी राहिली. सासूबाई दारात येऊन थांबल्या.

"तू यांच्या पेपरला काही पत्र लिहिलं होतंस का? मोकळेपणानं सांग. कोणी रागावणार नाही."

"नाही, बाबा."

"यांना सांग."

सून संपादिकेकडे वळली. "मी नाही हो लिहिलं. मला कुठे एवढं लिहायला येतंय?"

संपादिकेने ते पत्र इतक्यांदा वाचले होते की त्यातली वाक्ये तिला तोंडपाठ होती. तिच्या आजवरच्या एकाही अग्रलेखात तसे सरळ वाक्य नव्हते. आणि ते लिहिणारी तिच्यासमोर उभी राहून, आवाज न चढवता, स्वतःला अडाणी म्हणवून घेत होती. आता एकच गोष्ट करण्यासारखी होती, आणि ती तिने केली.

"माझीच चूक झाली," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं तरी असेल. पत्ता लिहिण्यात घोटाळा झाला असणार."

"होतं असं," सासरे म्हणाले.

तरीही तिने अर्ज बाहेर काढला. आलेच आहे तर, ज्यांची परीक्षा राहिलीय त्यांना कॉलेजकडून देतोय, असे काहीबाही ती बोलली. सासऱ्यांनी चष्मा लावला, अर्ज दोन्ही बाजूंनी शांतपणे वाचला आणि सुनेपुढे धरला.

"बघ, तीस तारखेपर्यंत मुदत आहे. बसायचंय तुला? आम्ही कोणाला अडवत नाही. तुझ्या मनावर आहे."

खोलीत चार माणसे होती आणि उत्तर चौघांनाही ठाऊक होते.

"नको, बाबा. घरचं सोडून कुठे अभ्यास करत बसू?"

"बघा," सासरे संपादिकेला म्हणाले. त्यांना मनापासून समाधान वाटले होते. सुनेने रिकामा पेला उचलला. संपादिका तिच्या चेहऱ्यावर काही तरी शोधत राहिली: राग, दोष, निदान ओळख. काहीच नव्हते. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

अर्ज तिने घडी घालून परत पिशवीत ठेवला. तीस तारीख आली आणि गेली.

दहा दिवसांनी 'नवी वाट'साठी आलेल्या चिठ्ठ्यांत तिला ते ठळक, वळणदार अक्षर पुन्हा दिसले. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचे लग्न ठरल्याची बातमी होती. सासऱ्यांची धाकटी मुलगी, सुनेची नणंद.

संपादिका तडक ग्रंथालयात गेली. नणंद पुस्तके परत करायला रांगेत उभी होती. लहानखुरी, केसांत पेन खोचून ठेवायची सवय असलेली मुलगी.

"तुझं ठरलं? एवढ्यात?"

"बाबा म्हणाले, कॉलेजातून घरात भलतंसलतं काहीतरी येतंय. आत्ताच उरकून टाकू." ती हळू बोलत होती. "वहिनीला कोणी काही बोललं नाही, ताई. कोणी हात लावला नाही. फक्त तिची पुस्तकं माळ्यावर टाकली. आता अंकही बाबा आधी स्वतः वाचतात आणि कपाटाला कुलूप लावतात."

"तू नाही म्हण. मी येते तुझ्याबरोबर. सरांना घेऊन येते."

"वहिनीनं म्हटलंच की. पत्रात. तिनं तर तुमच्या भरवशावर म्हटलं होतं."

संपादिकेने हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. ती म्हणाली, "मग निदान ही बातमी मी छापणार नाही. हे सदर मी लिहिणारच नाही. काय व्हायचं ते होऊ दे."

इतका वेळ शांत असलेली ती मुलगी घाबरली. तिने संपादिकेचा हात धरला.

"असं नका करू, ताई. बाबा अंक उघडून आधी तेच बघणार. माझं नाव नसलं तर म्हणतील, सूनबाईनंच पुन्हा काहीतरी कळवलं. मी तर जाईन माझ्या घरी. वहिनीला तिथेच राहायचंय. नाव घाला. आणि खाली शुभेच्छांची ओळही घाला, नाहीतर विचारतील."

संपादिका जिन्याखालच्या खोलीत येऊन बसली. मैत्रीण समोर होती. तिने आपले चित्रांचे कागद सरकवून टेबलावर जागा करून दिली. संपादिकेने नाव लिहिले, वर्ग लिहिला. शुभेच्छांची ओळ लिहायला तिला तासभर लागला. आतापर्यंतच्या सगळ्या ओळींत तीच चांगली उतरली, कारण ती अगदी बारकाईने वाचली जाणार हे तिला माहीत होते.

अंक ठरल्या दिवशी निघाला. घरोघरी गेला आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचला गेला. पुढच्या सोमवारी चौदा पत्रे आली. कोड्याबद्दल आली, कवितांबद्दल आली. 'नवी वाट'बद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. वाचकहो, तुमची नव्हती, आणि ही गोष्ट सांगणाऱ्या माझीही नव्हती.