अर्ध्या कांद्याच्या शेजारी

मी दुकानातल्या पाकिटातला केक. खरं तर आता केक उरलेलो नाही, चॉकलेटचं कवच चढवलेला एक गोळा झालोय. पण माणसाने काय किंवा खाऊने काय, मूळ आधी सांगून टाकावं, म्हणजे पुढे कोणी फसवलं म्हणत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा सगळ्यांची उंची सारखी, वजन सारखं, गोडीही सारखी. पोटात पांढऱ्या मलईची पिचकारी आणि पाकिटावर छापलेली मरणाची तारीख. माणसांना आपली तारीख ठाऊक नसते म्हणून ती निवांत असतात; आम्हाला ठाऊक असते म्हणून आम्ही निवांत असतो.

दुकानात मी बिस्किटं आणि साबण यांच्या मधल्या फळीवर राहिलो. आमच्यासारख्यांना लोक प्रवासात खातात, ऑफिसात खातात, घरात जेवायला उशीर असेल तेव्हा खातात. पाहुण्यांपुढे कोणी ठेवत नाही. म्हणून सुट्ट्यांच्या तोंडावर एका बाईंनी आमची सहा पाकिटं एकदम पिशवीत टाकली आणि वरून भाजीची जुडी पसरली, तेव्हाच मी ओळखलं, हे प्रकरण सरळ नाही.

त्या बाईंना सगळी इमारत काकू म्हणते. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की काकूंच्या घरचा केक खायचा, हा त्या इमारतीचा चाळीस वर्षांचा नेम. घड्याळ लावून केक भाजणारी माणसं वेगळी. काकू वासावर भाजायच्या. दुसऱ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असायच्या, मधेच उठून “झाला” म्हणायच्या, आणि तो झालेला असायचा.

हे मला त्यांनीच सांगितलं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, आम्हाला पाकिटातून काढून परातीत टाकलं आणि कुस्करायला घेतलं. माणसं ज्याला कुस्करतात त्याच्यापाशी मन मोकळं करतात, हा माझा अनुभव आहे. एकच आहे, पण पक्का आहे.

झालं होतं असं. सात महिन्यांपूर्वी काकूंना सर्दी झाली. सर्दी गेली, आणि जाताना वासही घेऊन गेली. तिखट, गोड, खारट एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं एकाच रंगाचं. त्यानंतर ओव्हनमध्ये दोन केक जळाले. पहिल्याचा दोष त्यांनी फोनवर ढकलला, दुसऱ्याचा ओव्हनवर. तिसऱ्यासाठी कोणी उरलं नव्हतं. म्हणून मग भाजायचं कामच नाही असा हा प्रकार त्यांनी शोधला. तयार केक आणा, कुस्करा, मऊ चीज घाला, गोळे वळा, चॉकलेटमध्ये बुडवा. कारखान्याची चव दर वेळी तीच. चुकायला जागाच नाही.

मग लपवायचं कशाला? तर मुलगा. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून काळजी करतो. शेजारच्या आजींनी गॅस उघडा ठेवल्याचं ऐकल्यापासून त्याने बजावून ठेवलं होतं, तुमच्यापैकी कोणाचं जरा कमीजास्त दिसलं तर गॅस काढून टाकू, जेवणाचा डबा लावू. वर्तमानपत्र बंद करावं तितक्या सहज तो हे बोलला होता.

“स्वयंपाकघर गेल्यावर मी करायचं काय?” काकू परातीला म्हणाल्या. “दिवसभर बाहेर बसून यांच्याशी बोलायचं?”

‘हे’ म्हणजे काका. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. लोकांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं सुखाचं काम. पण घरी त्यांनी कधी एक चूक काढली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं की चुका काढणाऱ्याचं पान उशिरा वाढलं जातं. तेव्हापासून त्यांनी एकच शब्द धरला.

काकूंनी चमचाभर मिश्रण बाहेर नेलं. “अहो, बघा जरा, कसं झालंय.”

“छान,” काका म्हणाले. चमचा अजून तोंडात जायचा होता.

काकू चमचा तसाच घेऊन परत आल्या. इतकी वर्षं त्या शब्दाने त्यांचं काही अडलं नव्हतं, कारण त्यांचं नाक शाबूत होतं. आता घरात एका खऱ्या जिभेची गरज होती आणि होती ती जीभ नुसती सभ्य होती.

सहा पाकिटांतल्या बारा केकांचे चौतीस गोळे झाले. त्यांतल्या कोणत्या गोळ्यात ‘मी’ आहे, हा प्रश्न मला पडला होता; पण असले प्रश्न फार ताणले की वेळ जातो, म्हणून बोलतोय तो मी, असं ठरवून टाकलं. आमचं ताट वर काही न झाकता फ्रिजमध्ये गेलं, घट्ट व्हायला.

शेजारी बशीत अर्धा कांदा बसला होता. सकाळी आम्लेटसाठी काकांनी कापला, अर्धा वापरला, अर्धा तसाच उघडा ठेवून दिला. मी हाडाचा स्निग्ध. आम्ही स्निग्ध लोक मनाने फार मऊ. शेजारी जो बसेल त्याचे होऊन जातो. रात्रभरात मी त्या कांद्याचा झालो. सकाळी काकूंनी दार उघडलं तेव्हा फ्रिजमधून जो भपका निघाला तो जिन्यापर्यंत गेला असेल. काकूंनी ताट उचललं, प्रत्येक गोळा काट्यावर तोलून पातळ चॉकलेटमध्ये बुडवला, कागदावर ओळीने मांडला आणि समाधानाने पाहिलं. दिसायला आम्ही देखणे होतो, हे मी नम्रपणे सांगतो. मला ओरडून सांगायचं होतं, पण खाऊला तोंड नसतं. तो नेहमी दुसऱ्याच्या तोंडी असतो.

काकांनी चार खाल्ले. चारही छान होते.

दुपारी आत्या आली. काकांची धाकटी बहीण, मुलाची आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. जन्मभर हॉस्पिटलात नर्स होती. पहिला घास दरवर्षी तिचा. तिच्या जिभेला हाड नाही आणि तोंडात तीळ भिजत नाही. तिला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मुलाला कळणार, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. बशी पुढे करताना त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली मला कळली, कारण मी त्या बशीत होतो.

आत्याने माझ्या शेजारचा उचलला, चावला, थांबली. उरलेला अर्धा नाकाशी नेला.

“वहिनी, याला कांद्याचा वास येतोय.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका टेबलाकडे पाहू लागले.

“दादा, तू खाल्लास ना हा?”

“चार,” काका म्हणाले.

आत्या भावाकडे बघत राहिली, मग वहिनीकडे. तिने बाकीचे प्रश्न विचारलेच नाहीत. उठली, चहाच्या पत्तीचा डबा उघडून काकूंच्या नाकाखाली धरला. “कधीपासून?”

“सात महिने,” काकू म्हणाल्या.

मग सर्दी, जळालेले केक, दुकानातली पाकिटं सगळं बाहेर आलं. शेवटी काकूंनी मुलाला न सांगण्याची विनंती केली.

“सांगणार वहिनी,” आत्या म्हणाली. “मी गप्प राहिले आणि उद्या गॅस गळला, तर? आणि तसंही मला गप्प राहता येत नाही, तुम्हाला माहितीये.”

काकूंनी स्वतःच फोन उचलला. “मग वन्सं, तुमच्या आधी मीच सांगते. माझ्या नाकाची बातमी निदान माझ्या तोंडून जाऊ दे.”

फोन टेबलावर होता, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं आता डब्याची गोष्ट निघणार. पण त्याने वेगळंच विचारलं.

“सात महिने, आई? आणि बाबांना कळलं नाही?”

छापखान्यात एवढी मोठी चूक सुटली असती तर काकांनी त्याच दिवशी राजीनामा दिला असता. इथे राजीनाम्याची सोय नव्हती. ते फोनकडे वाकून म्हणाले, “नाही कळलं. मी बघितलंच नाही.”

पुढचं बोलणं लांबलं. गॅस गळला की शिट्टी मारणारं यंत्र मुलगा रविवारी आणून बसवणार होता, डॉक्टरांची वेळ आत्या घेणार होती. डब्याचा विषय निघालाच, तेव्हा काकू ठामपणे म्हणाल्या, “डबा नको. मला हात आहेत. फक्त नाक नाही, आणि ते घरात आहे. यांचं.”

“मला जमेल?” काकांनी विचारलं.

“चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्यात. आता माझ्या काढा.”

मुलगा हसला. महिनाभर बघू, म्हणाला.

आत्या गेली. बाकीचे गोळे कचऱ्यात गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कांद्याचा वास घेऊन जगण्यातही काही अर्थ नसतो. मी एकटा बशीत उरलोय, कारण काकूंनी मला मुद्दाम मागे ठेवलं. त्यांनी काकांना खुर्ची दिली, समोर बसल्या आणि मला त्यांच्या हातात ठेवून म्हणाल्या, “खायचं नाही. आधी वास घ्या. काय येतंय ते सांगा.”

“कांदा.”

“ते वन्संनी सांगितलं. त्याच्या खाली काय आहे?”

काकांनी मला दोन बोटांत धरून पुन्हा हुंगलं. कपाळाला आठ्या पडल्या. बारीक अक्षर वाचताना ते असेच दिसत असतील. “चॉकलेट. जरासं कडू. आणि... थांब. जुनं कपाट उघडल्यावर येतो तसा काहीतरी.”

“लाकडासारखा?”

“लाकूड नाही. कोरड्या कागदाचा. पण गोड कागद.”

काकूंनी डोळे मिटून घेतले. “बोला. मी ऐकतेय.”

काका अजून शोधताहेत. घाई करू नका, काका. मी विरघळतोय तुमच्या बोटांत, तरी हरकत नाही. आतमध्ये थोडा व्हॅनिलाही आहे.