गोलमध्ये बांधलेलं स्टेज

बोअरमधून उपटून भंगारात फेकलेला पाइप होतो मी. देवीलाल वेल्डरने मला कापलं, जोडलं, पांढरा रंग दिला आणि घाटंजीच्या मैदानावर उभं केलं. तेव्हापासून मी गोलपोस्ट आहे, मित्रांनो. आता जुना झालो, जरा वाकलोही. माझं बोलणं गोड लागणार नाही; तरी ऐका.

बाजाराच्या दिवशी इंदूबाई माझ्याजवळ मिरची विकायला बसायच्या. पालाची एक दोरी माझ्या खांबाला, बाकीच्या दगडांना. मैदानात त्यांनी कधी खुंटी ठोकली नाही. "पोरी पडतात इथं, लागन त्यायले," म्हणायच्या.

त्या पोरी म्हणजे प्रशिक्षक शीलाताईंचा फुटबॉल संघ. समीक्षा त्यांची गोलकीपर. खेळ सुरू होण्याआधी ती माझ्या दोन्ही खांबांना थाप मारायची. शाबासकी म्हणून मला तेवढीच मिळाली, पण ती पुरली.

यंदा देशातल्या फुटबॉल लीगची घडी नव्याने बसवली. जिंकत राहिलं की वरची पायरी, हरत राहिलं की खालची. लहान गावालाही आपल्या मैदानावर पाहुण्या संघाशी खेळायचा हक्क मिळाला. आमच्या पोरी एसटीत उभ्याने प्रवास करत देशाच्या पायरीवर पोचल्या. पण तिथे टिकायला शेवटचा सामना हरून चालणार नव्हतं. बरोबरी पुरेशी होती. हरल्या तर परत जिल्ह्यात, जिथे समीक्षाला बघायला कोणी निवड करणारा येत नाही. तो सामना माझ्यासमोर होता.

आणि गावाला अचानक प्रेम आलं.

स्वागत समितीचे विठ्ठलराव आदल्या दिवशी मंडपवाल्याला घेऊन आले. पाहुण्यांचा सत्कार करायचा होता. दोन खांब आयते उभे दिसले, म्हणून स्टेज गोलमध्येच बांधलं. पहारीने खड्डे खणले, त्यांत बांबू रोवून गिट्टी ठासली. माझ्या आडव्या दांडीवर बॅनर ताणला. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे ताटाएवढे. समीक्षाचा कुठेच नव्हता.

ती येऊन म्हणाली, "काका, उद्या मले इथंच उडी मारा लागते."

विठ्ठलराव हसले. "सकाळी मोकळं करून देतो न बाई. तुमच्यासाठीच त करून राह्यलो."

भाषणं झाली, हार झाले, माझ्या गळ्यातही एक पडला. सकाळी स्टेज उचललं. खड्ड्यांवर भुसभुशीत माती लोटली आणि माणसं चहाला गेली. शीलाताई पोरींना घेऊन खड्डे बुजवत होत्या. मैदान तपासायला आलेल्या पंचांचा पाय तरीही घोट्यापर्यंत खचला. खाली गिट्टी लागली. त्यांनी पाय झटकला आणि सामना होणार नाही असं सांगितलं. मैदान ठीक ठेवणं यजमानांचं काम. नव्या लीगचा नियम स्पष्ट होता. सामना पाहुण्या संघाला दिला.

पंच चुकले नाहीत. चुकले ते हार आणणारे, आणि मला त्यांचा राग आहे. पोरी खेळून हरल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. त्यांना हरूही दिलं नाही यांनी.

समीक्षा हातमोजे घालून आली होती. ते काढून ती गिट्टी वेचत बसली. विठ्ठलराव जवळ आले, म्हणाले, मन लहान करू नको, तुमचा एक मोठा सत्कार ठेवू.

तिने वर पाहिलं नाही. "सत्कार नका करू, काका. बसा, वेचू लागा."

ते घड्याळ पाहून निघून गेले. इंदूबाई मात्र आल्या. लुगडं खोचून खाली बसल्या आणि गिट्टी ओटीत भरू लागल्या.

माझ्या गळ्यातला हार तिथेच वाळला. गंज चढतोय, चढू द्या. पण जिल्ह्याच्या पायरीवरून समीक्षा पुन्हा सुरुवात करणार आहे, आणि माझ्यासमोरचे सगळे खड्डे अजून भरलेले नाहीत. मित्रांनो, तुमच्या गावात कोणी खेळत असेल, तर त्यांच्यासाठी हार आणू नका. घमेलंभर माती आणा.