काळ्या मातीत हललेला खांब

मी एक जुना खो-खोचा खांब आहे. मोताळ्याजवळच्या एका गावात, सारिकाच्या घरामागे, भिंतीला टेकून उभा आहे. अंगाला काळी माती चिकटली आहे, मित्रांनो, आणि मनाला एक गोष्ट. दोन्ही निघत नाहीत.

पुंजाजी सुताराने मला सागवानातून घडवले. "पोरींच्या हाताले कुसळ लागू नये," म्हणत तो रंधा मारून झाल्यावर माझ्यावर गाल घासून पाहायचा. मग शाळेच्या मैदानात कितीतरी वर्षे मी पोरींचे तळहात झेलले. वाऱ्यासारख्या यायच्या, माझ्याभोवती गर्रकन वळायच्या. सगळ्यांत चपळ सारिका. पुढे शाळेत लोखंडी खांब आले. मी अडगळीत पडलो, सारिका संसारात. गावातच दिलेली ती. शाळेने मला टाकून दिले तेव्हा डोक्यावर घेऊन घरी आली. तेव्हापासून मला म्हैस बांधत.

यंदा डॉक्टरांनी तिला साखर सांगितली. रोज चाला, म्हणाले.

"वावरात चालनंच हाय डॉक्टर," ती म्हणाली, "मले पळावं वाटते."

नवरा भागवत हसला. "दिवसभर राबतं, तरी खेळ कायले पायजे तुले?"

"राबनं येगळं. राबताना हसू येते का?"

उन्हाळ्यात कपाशीची पऱ्हाटी उपटून वावर मोकळे झाले आणि एका रविवारी नऊ जणी खो-खो खेळायला जमल्या. सारिकाने मला डोक्यावर घेऊन तिथे नेले; दुसऱ्या टोकाला बाभळीचे खोड. शेजारची शालूबाई लुगडे खोचून बसली आणि ओरडली, "बसता येते वं, पन उठवाले मानूस लागन!" अशा हसल्या की बांधावरच्या साळुंक्या उडाल्या. सारिकाची सासू सुभद्राबाई साठीची. ती काठावरून पाहत होती. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "सरका, मी बी येतो."

आता ऐका, मित्रांनो. मला रोवायला हात-दीड हात खड्डा लागतो, भोवती मुरूम ठासावा लागतो. पण पहार भागवतकडे. "मांगितली तं इचारतीन, कायले पायजे म्हनून," सारिका म्हणाली होती. म्हणून बायांनी खुरप्यांनीच वीतभर खणले. चोरून खेळायचे, तर खड्डाही चोरूनच. उन्हाने तडकलेली काळी माती मला कशी धरणार?

सुभद्राबाई धावत आली. चेहरा पोरीसारखा उजळलेला. तिने मला धरून वळण घेतले आणि मी कललो. ती हातावर पडली आणि मनगट मोडले. तो आवाज मी लाकूड असून विसरलो नाही.

ओरडा ऐकून आलेल्या भागवतने मला एका हाताने उपटले आणि घरामागे आणून टेकवले. इतक्या सहज कसा निघाला, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. पारावर लोक म्हणाले, "बायांनं या वयात खेळावं का?" उथळ खड्ड्याला कोणी बोल लावला नाही. सगळ्यांनी खेळालाच लावला. भागवतने कुऱ्हाड आणून माझ्याशेजारी ठेवली आणि सारिकाला बजावले, "पुन्हा वावरात जमल्या तं पाहाय."

तेव्हापासून सारिका संध्याकाळी ओट्यावर डाळ निवडत बसते. शालूबाई येते, मूठभर डाळ निवडते आणि निघून जाते.

काल जेवताना सुभद्राबाई, गळ्यात प्लास्टरचा हात अडकवलेला, लेकाला म्हणाली, "हात माहा मोडला, अन् खेळ तिचा काऊन बंद केला बे?"

भागवत घास ठेवून घरामागे आला आणि मला पाहून परत आत गेला. कुऱ्हाड अजून तिथेच आहे.

मी फुटलो तर फुटेन, मित्रांनो. पण खांब हलला तर खांब पक्का करावा, खेळ मोडू नये, एवढे मला कळते. आज घरी गेलात की आईला विचारा, तू शेवटची कधी पळालीस? एसटीमागे नाही, शेळीमागे नाही. नुसती खेळायला.

ती हसून विषय बदलेल. बदलू देऊ नका.